आत शिरणारे मास्तर

कुणी काहीही सांगितलं की आमचे मास्तर डोळे मिटायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "हे झालं वरवरचं. आत शिरा!" आमटी खारट झाली तरी त्यांना तिच्यात संसाराचं मर्म दिसायचं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आत न शिरता तिच्यात बटाटा टाकायच्या.

अख्खा जन्म काशीत काढून मास्तर गंगेवर जात नसत. गारवा सोसायचा नाही. "बादलीतली गंगा आणि घाटावरची गंगा, भेद तो कसला?" असं म्हणून ऊन पाण्याचा तांब्या डोक्यावर घ्यायचे. आता अशा विद्वानाशी वाद कोण घालणार?

आम्हा मराठी मंडळींच्या शारदोत्सवात मुली स्वतः लिहिलेल्या गोष्टी वाचायच्या आणि मास्तर त्यांतली प्रतीकं उलगडायचे. एका वर्षी आमच्या गल्लीतली पंधरा वर्षांची दुर्गी उभी राहिली. तिच्या गोष्टीतली मुलगी पहाटे स्नानाला जाते. नावेतला एक माणूस तिला हाक मारतो, "चल, पलीकडे मेळा दाखवतो." रोज नाव थोडी जवळ येते. गोष्ट तिथेच संपली.

मास्तर खुलले. मुलगी म्हणजे जीव, नाव म्हणजे देह, माणूस म्हणजे माया! पलीकडचा मेळा उलगडेपर्यंत श्रोते पेंगायला लागले. शेवटी टाळ्या पडल्या. दुर्गी मात्र खाली बसेना.

"पण मास्तर, तिनं करायचं काय?"

"काही नाही, बाळ. जीवानं नुसतं साक्षी राहायचं."

"कोजागरीपासून आमचं कार्तिकस्नान आहे. मग मी जाऊ संकठाजीच्या घाटावर? तो सचमुच तिथे खडा असतो हो."

मास्तरांचं बोट वरच राहिलं.

चौकीवर जायची कुणाची छाती नव्हती. साहेबाच्या राज्यात फिर्याद मुलीच्या नावानं लिहिली जायची, आणि नाव चौकीवर गेलं की आलेली स्थळं परत फिरायची. त्यापेक्षा पोरींचं स्नानच बंद करा, असं वडीलधाऱ्यांचं ठरत आलं होतं.

कोजागरीच्या दुसऱ्या पहाटे पाहतो तर मास्तर घाटाच्या पायरीवर! काकूंची शाल पांघरून कुडकुडत होते.

नाववाल्यानं विचारलं, "पंडितजी, आज यहाँ कैसे?"

"नहाने आए हैं. तुम जाओ."

आणि मास्तर धोतरासकट कंबरभर पाण्यात उतरले, हातातली छत्री उगारून नावेपुढे उभे राहिले. हसू येतं ना? मलाही आलं. पण मुली निवांत न्हाऊन घरी गेल्या, तेव्हा मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढे दर कार्तिकात मास्तर पहाटे त्या पायरीवर असत. दुर्गी लग्न होऊन इंदूरला गेली, धाकट्या मुली स्नानाला येऊ लागल्या. नाववाला काही गाव सोडून गेला नव्हता, शेजारच्या घाटाशी नाव बांधून बसायचा. शारदोत्सवात मास्तर गोष्टी ऐकत, पण संपल्यावर एवढंच विचारत, "कुठला घाट, बाळ?"

अशाच एका कार्तिकात मास्तर गेले. आम्ही त्यांना मणिकर्णिकेवर पोचवून आलो. दुसऱ्या पहाटे गल्लीतली एकही मुलगी स्नानाला गेली नाही. वडीलधाऱ्यांचे डोळे भरून आले. "केवढी ही गुरुभक्ती! पोरींनी शोक पाळला," असं जो तो म्हणू लागला.

मी घाटावर जाऊन आलो. नाव आमच्या पायऱ्यांना लागली होती.