बसेल का?

यूटचं नाक वर होतं. ती गेटमधून आत येतानाच मला ते दिसलं, आणि चहाचा कप मी तसाच ठेवून दिला.

यूट म्हणजे पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. मेलबर्नच्या पश्चिमेला एका वर्कशॉपमध्ये मी इंजिनिअर आहे. गाडीत केलेला बदल सुरक्षित आहे की नाही ते बघून सही करणं, हे माझं काम. या यूटच्या हौद्यात स्लाइड-ऑन कॅम्पर चढवला होता. कॅम्पर म्हणजे चार पायांवर उभी राहणारी छोटी खोली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. गाडी रिव्हर्स करून खोलीखाली घालायची, पाय वर उचलायचे आणि बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचं.

जवळच्या टार्निट उपनगरात राहणारा निखिल उतरला. त्याच्या मागून पुण्याहून आलेले त्याचे आईवडील.

"मागून जरा बसलीय," निखिल म्हणाला. "कडक स्प्रिंग टाकून दे. उद्या सकाळी निघायचंय."

"कुठे?"

"वाळवंटात. अप्पांना तिथलं आकाश बघायचंय. महिनाअखेरीस ते परत चाललेत."

"इतकी वर्षं गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची टाकी बघतोय," अप्पा म्हणाले. ते खुशीत होते. मला तेच नको होतं.

माझा बॉस ग्लेन गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "स्प्रिंग्ज शेल्फवर आहेत. आज आर्वोला होऊन जाईल. इझी." आर्वो म्हणजे दुपार.

"आधी वजन करू."

"कस्टमर थांबलाय, मेट."

"म्हणूनच."

चाकांखाली ठेवायचे काटे आमच्याकडे असतात. मी सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. रिकामी गाडी कधीच कुठे जात नसते, त्यामुळे रिकाम्या वजनाला अर्थ नसतो. आईंनी मांडीवरची पिशवी दाखवली. "ही पण धरायची का? कुकर आहे."

"धरायची, काकू."

मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या आसावर, झेपेल त्यापेक्षा बराच जास्त भार होता. ते मी धरूनच चालले होते. पुन्हा वाकून बघितले ते पुढचे काटे. रिकाम्या यूटच्या पुढच्या चाकांवर जेवढं वजन असतं, त्याहूनही कमी भरत होतं. निखिलची यूट सीटच्या दोन ओळी असलेली, म्हणून हौदा आखूड. कॅम्परचा जड भाग मागच्या चाकांच्याही मागे गेलेला. सी-सॉसारखं, मागे दाबलं की पुढे उचलतं. आणि गाडी वळते ती पुढच्या चाकांनी.

"पण ही वन-टन यूट आहे," निखिल म्हणाला.

"त्या टनात तुम्ही तिघं आलात, पाणी आलं, पुढचा हा लोखंडी बुलबार आला. हा कॅम्पर चालेल असं सांगितलं कोणी?"

"विकणारा आपलाच होता, मराठी. मी विचारलं, बसेल का? त्याने टेप लावून मापं घेतली. म्हणाला, बसेल की."

तो खोटं बोलला नव्हता. कॅम्पर बसला होता, त्याच्याखाली गाडीही बसली होती. पेलेल का, हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

ग्लेनने मला बाजूला घेतलं. "सही नको करूस. नुसत्या स्प्रिंग्ज टाकू."

"म्हणजे गाडी सरळ दिसेल. पुढची चाकं तेवढीच हलकी राहतील आणि त्याला ते कळणारही नाही." माझा आवाज चढला होता. मला एका जागी उभं राहवत नव्हतं.

आईअप्पांना ऑफिसात बसवून मी निखिलला मागच्या यार्डात नेलं. "हळू चालव. त्या ड्रमपाशी वळ."

त्याने स्टिअरिंग फिरवलं. गाडी थोडी सरळच गेली, मग वळली. त्याने ब्रेक मारला आणि तसाच बसून राहिला.

"येताना फ्रीवेने आलो," तो म्हणाला. "आई मागे होती."



कॅम्पर आमच्या यार्डात पायांवर उतरवला. यूटचं नाक खाली आलं, निखिलचा चेहराही उतरला. वाटेत कॅरॅव्हॅन पार्कमध्ये केबिन भाड्याने मिळतात, तिथे राहा, असं मी सुचवलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. अप्पांनी विचारलं, "केबिनला आकाश असतं का?"

"बाहेर असतं, काका."

"मग झालं तर."

ते पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी ऊठसूट फोन बघत होते. शेवटी अप्पांचा व्हॉइस मेसेज आला. "पाहिलं बरं का आकाश. मान मोडून आली."

परतल्यावर निखिलने कॅम्पर विकायला काढला. चौकशीसाठी माझा नंबर दिला, म्हणजे राग गेला असावा. पहिला फोन मराठीतच आला.

"माझ्या यूटमध्ये बसेल का?"

"गाडी घेऊन ये," मी म्हणाले. "घरच्या सगळ्यांना घेऊन ये. कुकरसकट."