नवसाआत्याची डाळ

आमच्या नवसाआत्याला गावं कळायची ती पाण्यावरून. शाळा आहे का, एसटी थांबते का, लाइट आली का, असल्या चौकशा बाकीच्यांनी कराव्यात. आत्या जायची ती स्वतःची तूरडाळ फडक्यात बांधून. त्या गावचं पाणी घ्यायची, पातेलं चुलीवर चढवायची आणि समोर मांडी घालून बसायची. डाळ शिजली तर गाव चांगलं. नाही शिजली तर त्या गावात, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "माणसानं ऱ्हायाचं नाय आन् पोरगी तर द्यायचीच नाय."

नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत तिचा शब्द शेवटचा असे. मुलाची नोकरी पाहून झाली, घरदार पाहून झालं, की मुलीचा बाप आत्याच्या दारात येऊन उभा राहायचा. "जयभीम नवसाबाई, एकदा जाऊन येता का?" आत्या लगेच हो म्हणत नसे. थोडा भाव खायची, मग पिशवी उचलायची. माझी आई म्हणायची, ही बाई नवऱ्या मुलाचं तोंडसुद्धा बघत नाही, पातेल्यात बघते. सगळे हसायचे. पण आत्याने नाही म्हटलेल्या घरात आमच्या वस्तीतली एकही पोरगी गेली नाही.

माझं पहिलं स्थळ या डाळीनेच मोडलं. मुलगा नांदगावचा, रेल्वेत कारकून, फोटोत तरी देखणा. आत्या सकाळी गेली, संध्याकाळी परत आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "त्यांच्या आडाच्या पाण्यात दाणान् दाणा तसाच राह्यला. जल्मभर काय खडं चावायचं का पोरीनं?" झालं, बोलणी संपली. थोडा सोडा टाकला की कुठलीही डाळ शिजते, असं मी फणकाऱ्याने म्हटलं, तेव्हा मी चोरी करायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "सोडा टाकून तर वहाणबी शिजंल," ती म्हणाली. मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तो फोटो मात्र जपून ठेवला होता.

आत्याचे यजमान मल्हारीमामा. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पालिकेच्या शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायची, वर्ग उघडायचे, पडलेल्या पोराच्या गुडघ्यावर फुंकर घालायची, हे त्यांचं काम. शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आत्या जितकी तडतडी तितके ते गार. तिच्या डाळीची त्यांच्याइतकी थट्टा कुणी केली नसेल, पण ताटात डाळ नसेल तर भाकरीला हात लावायचे नाहीत.

त्यांना दमा होता. पावसाळा कसाबसा निघायचा, पण दिवाळी झाली की नाशिकची थंडी त्यांच्या छातीवर येऊन बसायची. पौष महिन्यात तर आडवं पडणंच बंद. घडी केलेल्या गोधड्या पाठीशी लावून रात्र रात्र बसून काढायची. पातळ भिंतीपलीकडे आम्हाला त्यांची धाप ऐकू यायची, आणि तिच्या जोडीला आत्याच्या बांगड्या. पाठ चोळत असायची ती. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मामांना ओट्यावरून नळापर्यंत जाणंही होईना. डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना ही थंडी झेपणार नाही आता. समुद्राकडे उबदार हवेत कुठे सोय होत असेल तर बघा. अजून असे दोन हिवाळे निघतील असं मला वाटत नाही."

सोय होती. त्यांची मुलगी चांगुणा डहाणूच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका गावात नर्स होती. तिला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं होतं आणि ती वर्षभर मागे लागली होती की दोघं इकडे या.

मग वस्तीत वाद रंगला. दुपारी आत्याच्या ओट्यावर बायका जमायच्या आणि ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्या जास्त जोरात बोलायच्या. तिकडे थंडी नाही, गोधडी लागत नाही. पण घाम किती! लेक जवळ राहील. पण लेकीच्या घरी किती दिवस राहायचं? तिकडे बाजरी पिकत नाही, रोज भात. मासे स्वस्त. पण मामा मासे खात नाहीत. झुंबरबाई म्हणाली, "आन् विहारात आमच्यासंगं वंदनेला कोन बसंल? पोरींची गावं कोन बघंल?" मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की ती तिकडे गेली तर नुसती एक म्हातारी होईल. इथे ती नवसाबाई होती.

हे सगळं मामा आत गोधड्यांना टेकून ऐकत होते. बायका गेल्यावर त्यांनी आत्याला हाक मारली.

"नवसे, तुझी डाळ घे आन् जाऊन ये. शिजली तर जाऊ."

"आन् नाय शिजली तर?"

"तर हितंच." मध्ये दम लागला म्हणून ते थांबले. "साऱ्या जगाच्या पोरींला तू वाईट पाण्यातून वाचवलं. आन् तुलाच म्या तसल्या पाण्यात नेऊन टाकू व्हय? माझ्या छातीपायी? मला नाय चालायचं ते."

गार माणूस हट्टाला पेटला की तडतड्या माणसाचंही काही चालत नाही. आत्याने रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी ठरलं ते असं की मामांनाही न्यायचं, हवा मानवते का तेही कळेल. सोबतीला मी. नांदगावच्या प्रकरणानंतर मी रिकामीच होते.

त्र्यंबकवरून जव्हारच्या रस्त्याने एसटी निघाली तेव्हा मामांच्या अंगावर स्वेटर, मफलर आणि वर घोंगडी होती. घाट उतरू लागलो तशी घोंगडी गेली. पुढे मफलर गेला. चांगुणाच्या गावी उतरलो तेव्हा मामांनी स्वेटर काढून हातात घेतला होता आणि लहान पोरासारखे इकडे तिकडे बघत होते. पौषातली सकाळ, आणि लोक उघड्या अंगाने फिरत होते!

चांगुणाने आधी समुद्रावरच नेलं. सुरूच्या झाडांमधून आम्ही बाहेर आलो आणि तिघंही उभ्या जागी थांबलो. मी चित्रांत समुद्र पाहिला होता. ती चित्रं काढणाऱ्यांनी माझी फसवणूक केली होती, एवढंच म्हणेन. डोळ्यांना कुठे टेकायला जागाच नव्हती. आमची गंगा, म्हणजे गोदावरी, पुराला आली की आम्ही म्हणायचो, केवढं पाणी! आता त्या म्हणण्याची लाज वाटली. आत्याने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पाण्यापर्यंत गेली. बोट बुडवून जिभेला लावलं. वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "येवढं पाणी," ती हळूच म्हणाली, "आन् एक पातेलं डाळ शिजवायच्या कामाचं नाय."

क्वार्टरमागे विहीर होती. पाणी स्वच्छ, पण तोंडात घेतलं की मचूळ. मी चांगुणाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी कुठे डाळ शिजवते? मी भात आणि मासे खाते." तीन वर्षं तिथे राहून तिने एकदाही पाहिलं नव्हतं. आत्याची पोटची पोर!

दुपारी चांगुणा दवाखान्यात गेली. आत्याने मागच्या पडवीत तीन विटांची चूल मांडली, डाळ धुतली, पातेलं चढवलं आणि समोर बसली. मामा पुढच्या ओट्यावर चटईवर टेकले होते. मी मधल्या दारात. तिथून मला दोघंही दिसत होती.

पाणी उकळलं. आत्याने एक दाणा बोटात धरून दाबला. पुन्हा लाकूड सरकवलं. पाणी आटलं, आणखी घातलं. पुन्हा दाणा दाबला. मला नांदगाव आठवलं. आत्याचा चेहरा पाहून मी समजले की इथेही तेच होणार. डाळ तळाशी पिवळी धमक, अखंड पडून होती. आत्याने पळी खाली ठेवली.

तेवढ्यात मला जाणवलं की घरात काहीतरी कमी झालंय. कसला तरी रोजचा आवाज. मी पुढे पाहिलं आणि हाताने आत्याला बोलावलं. ती आली.

मामा चटईवर आडवे पडले होते. पाठ पूर्ण जमिनीला, हात बाजूला सैल, तोंड मिटलेलं. छाती वर जात होती, खाली येत होती, आणि आवाज नव्हता. दिवाळीपासून त्या माणसाला कुणी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

आत्या किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. मग ती मागे पडवीत गेली, चुलीवरचं पातेलं उतरवलं, शेजारणीकडून पाटा-वरवंटा मागून आणला आणि डाळ पाट्यावर घेतली. मी तोंड उघडलं तर तिने ओठांवर बोट ठेवलं. सगळी डाळ तिने बारीक वाटली, पुन्हा पातेल्यात घालून उकळली, वरून लसणाची फोडणी दिली. मी नुसती बघत होते. दर्ग्यात किंवा विहारात माणूस कधी कधी उगाच हात जोडतो ना, तसे माझे हात जोडले गेले. वहाणेची गोष्ट सांगणारी, माझं लग्न मोडणारी माझी आत्या माझ्यासमोर डाळीत लबाडी करत होती, आणि एवढं मोठं काम मी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

मामा उठले. आत्याने ताट वाढलं. त्यांनी नाशिकहून बांधून आणलेली भाकरी डाळीत बुडवून घास घेतला.

"शिजली का गं?"

"तुमीच सांगा की."

मामांनी दुसरा घास घेतला. "लोण्यावानी झालीय," ते म्हणाले.

महिनाभरात दोघांनी नाशिक सोडलं. बाजरीचं पोतं, लासलगावचे कांदे आणि पाटा-वरवंटा घेऊन. वस्तीत मामांनी सगळ्यांना सांगितलं की नवसाची डाळ शिजली, म्हणून चाललोय, नाहीतर गेलो नसतो. आत्या ट्रंकेची कडी लावण्यात गुंतली होती.

पुढे माझं लग्न सायखेड्याला झालं. आत्याने तिकडून मुद्दाम येऊन पाणी पाहिलं होतं. डाळ तिथे सुरेख शिजते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंच्याऐंशी साली धाकट्या मुलीला घेऊन मी समुद्राकडे गेले, तेव्हा मामांना पाहून मला भूत पाहिल्यासारखं झालं. डॉक्टरांनी दिलेले हिवाळे केव्हाच संपले होते, आणि हा माणूस वाळूतून चालत चालत मला मागे टाकत होता. आत्या मात्र वाळली होती. उजवा खांदा दुखायचा. मी विचारलं तर म्हणाली, "वय झालं." पाट्याचं नाव घेतलं नाही. सोडा टाकला तर चव बदलते, आणि मामांची जीभ तिला ठाऊक होती, म्हणून इतकी वर्षं रोज सकाळी ती अर्धीकच्ची डाळ वाटत आली होती. तिथे तिला पोरींची गावं बघायला कुणी बोलावत नव्हतं. चांगुणाची आई, एवढंच तिचं नाव होतं.

सकाळी मामा मला आणि मुलीला समुद्रावर घेऊन गेले. रोज जातात, चांगुणाने सांगितलं होतं, अगदी पावसातसुद्धा. पोर वाळूत खेळू लागली. आम्ही वाळूवर ओढून ठेवलेल्या एका होडीला टेकून बसलो. पुरेसं बसून झालं तसं मी म्हटलं, "मामा, चला आता. चहा झाला असेल."

"थांब जरा. तिचं व्हायचंय आजून."

"काय व्हायचंय?"

"डाळ वाटून."

ते समुद्राकडे बघत होते.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"पयल्या दिवसापासून. वरवंट्याच्या आवाजानं जाग आली व्हती मला. डोळं उघडलं नाय, इतकंच." मामा हसले. "आधी वाटलं, उठावं आन् म्हणावं, चल घरी. शब्द दिला व्हता तसा. पण पोरी, त्या बाईनं डाळीबाबत जल्मात कुणाशी खोटेपणा केला नव्हता. बापाशी नाय, भावाशी नाय. माझ्यासाठी केला. मंग म्या काय उठून तिला उघडं पाडायचं? म्हणलं, लोण्यावानी झालीय."

"आणि रोज इथे येता ते?"

"म्या घरात असलो तर तिला वाटता येत नाय. लपूनछपून करती, घाईघाईनं, मंग खांदा जास्ती दुखतो. तिला वाटतं मला समिंदराचं येड लागलंय." त्यांनी घराच्या दिशेला मान वळवली. लांब सुरूच्या झाडांमधून दिसलं, आत्या मागच्या दारात आली आणि तिने पातेल्यातून पाणी बाहेर फेकलं. "पाटा धुतला. चल आता."

जेवायला मी आणि पोर मामांसमोर बसलो. आत्याने डाळ वाढली. मामांनी घास घेतला आणि म्हणाले, "लोण्यावानी झालीय." आत्याने त्यांच्यामागून माझ्याकडे पाहून डोळे वटारले, काही बोलशील तर बघ. मामांनी समोरून पाहिलं, तेच सांगत.

मी मान खाली घालून भाकरी कुस्करली आणि वाटी पुढे केली.

"आत्या, अजून वाढ."