हेस्टिंग्जचे कावळे

"या ना हो बाबा! चुकलं माझं... या ना!"

भर दुपारी, हेस्टिंग्जच्या बीचवर माझा मित्र संदीप गळा काढून ओरडत होता, आणि आइस्क्रीम चाटणारी गोरी कुटुंबं आपापली पोरं उचलून हळूच लांब सरकत होती.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. इकडे लंडनजवळच्या पिनरच्या पार्ट्यांमध्ये मी सांगितलेली सगळी भुतं मीच जन्माला घातलेली आहेत. माझं बोलणं निम्म्यावर आणून ऐकायचं, हे मित्रांना ठाऊक आहे. पण हे मात्र पूर्ण ऐका...

संदीप नागपूरचा, बेसिंगस्टोकला आयटीत. वडील अचानक गेले तेव्हा याचा व्हिसाचा अर्ज अडकलेला. देश सोडला की अर्ज रद्द! अग्नी देताना यानं फोनवर पाहिलं. दहावाही तिकडे चुलतभावानंच केला. "एक पिंड तरी माझ्या हातचा ठेवू दे," म्हणाला. "कावळा कुठे मिळेल?"

म्हटलं, "लंडनच्या टॉवर किल्ल्यात पाळलेले कावळे सरकारी नोकर, ते बाहेरचं खात नाहीत. हेस्टिंग्जला चल. पडक्या किल्ल्यावर कावळ्यांची ग्रामपंचायत भरते." (मला किल्लाही बघायचा होता. आणि फिश अँड चिप्स. खोटं कशाला बोलू?)

किल्ल्याच्या कड्याखाली, खडीवर ताटली ठेवली. भाताचा पिंड, दही, काळे तीळ. शंभर कावळे उतरले — बरं, वीस तरी. अर्धगोल करून बसले, आणि एकही पुढे येईना. मघाशी माझे चिप्स डब्यासकट पळवणारा एक सीगल होता, बोकडाएवढा! तोही ताटलीपाशी आला, वाकून बघितलं, आणि मागे मागे चालत गेला. सीगल उलटा चालताना पाहिलाय कुणी?

कावळा शिवेना की गेलेल्याची इच्छा ओळखून शब्द द्यायचा, ही आपली रीत. संदीप देत सुटला. "आईला इकडे आणीन!" कावळे ढिम्म. "घर विकणार नाही!" ढिम्म.

मीही ओरडलो, "काका, याची दारू सोडवतो!"

"अरे, मी पीतच नाही!"

"मग सोपंय की!"

संदीप हसला नाही. खाली बसला आणि अगदी हळू म्हणाला, "परत येतो, बाबा. कायमचा."

सगळ्यात मोठा कावळा दोन उड्या मारून पुढे आला. चोच पिंडापासून वीतभर. मान तिरपी करून त्यानं संदीपकडे पाहिलं. संदीपनं नजर खाली वळवली.

कावळा थांबला... आणि सगळेच्या सगळे उडाले. एक काव नाही. किल्ल्याच्या भिंतीमागे गेले ते गेलेच.

आम्ही दोन तास बसलो. शेवटी संदीपनं पिंड स्वतःच्या हातानं समुद्रात सोडला. वर सीगल घिरट्या घालत होते, पण एकानंही झडप घातली नाही.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. तीच जागा, तोच भात, तसंच दही, तेच तीळ. अर्ध्या मिनिटात फस्त! ताटलीसुद्धा ओढत नेत होते. का, ते मला आजही सांगता येत नाही.

पिंड समुद्रात सोडला त्या दिवशी मात्र गाडीत बसल्यावर संदीपनं आईला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"शिवला गं आई. लगेच शिवला."

काकू म्हणाल्या, "बरं. इकडे नाही शिवला."