पुरुषांच्या बाजूची घोरपड

परभणी जिल्ह्यात जंगल आहे असं मी सांगितलं की बाहेरचा पाहुणा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या बायकोकडे, हा माणूस खरं बोलतोय का ते ताडायला. बायको मान हलवते, पण उभी की आडवी ते कळू देत नाही. तर, जंगल आहे. जिंतूरच्या बाजूला काळी सपाट रानं संपतात, टेकड्या लागतात आणि त्या टेकड्यांवर साग, धावडा, सलई, पळस असं सगळं गणगोत उभं असतं. मोर आहेत, ससे आहेत, रोही म्हणजे नीलगायी आहेत, नशीब जोरावर असेल तर काळवीटही दिसतं. वाघ नाही. पण अशाच एका टेकडीवर आता पर्यटकांसाठी वनउद्यान झालंय आणि त्याच्या कमानीपाशी फायबरचा वाघ बसवलाय, म्हणजे तीही उणीव राहिलेली नाही.

हे जंगल आत्याला दाखवायचं मी मनावर घेतलं होतं. आत्या पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. सत्तरी ओलांडलीय. आयुष्यभर तिनं अंगणवाडीतली पोरं सांभाळली, शेत सांभाळलं, नवऱ्याला सांभाळलं. शेवटचा तेवढा हाताबाहेर गेला, असं ती म्हणते. फिरायला मात्र ती कुठंच गेली नाही. एकदाच नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली. त्या प्रवासात तिनं घोटभर पाण्यावर दिवस काढले आणि घरी परतल्यावर आधी अर्धा माठ रिकामा केला, मग चप्पल काढली.

कारण एकच. सोय. या शब्दाचा पुढचा अर्थ तिच्या वयाच्या बायका पुरुषमाणसासमोर उच्चारत नाहीत. लग्न असो, मयत असो, तालुक्याचा दवाखाना असो, तिचा पहिला प्रश्न तोच. उत्तर समाधानकारक नसलं की सकाळपासून पाणी बंद, नाहीतर जाणंच बंद.

"आत्या, पळस फुललाय. डोंगर पेटल्यावानी दिसायलाय. येती का?" मी फोनवर विचारलं.

"सोय हाय का?"

"लोखंडी मनोरा हाय. झोके हायेत. बसायला मोठ्या छत्र्या हायेत."

"मी काय इचारायलीय, तू काय सांगायलास?"

मग मी एकटाच जाऊन पाहणी करून आलो. झोके बघितले नाहीत, मनोरा चढलो नाही. थेट स्वच्छतागृह. एका बाजूला महिला, एका बाजूला पुरुष, मध्ये भिंत, वर टाकी. मी महिलांच्या बाजूचं मोबाइलवर चित्रीकरण केलं: फरशी, नळ, बादली, पदर-पिशवी अडकवायला खुंटी आणि आतली कडी. कडी मी चार वेळा लावून काढून दाखवली, म्हणजे आवाजही यावा. तिथला रखवालदार, खाकी सदरा आणि खाली पायजमा घातलेला पोक्त माणूस, काळजीनं माझ्या मागं मागं फिरत होता.

"साहेब, ठेकेदाराचं काही राहून गेलंय का?"

"न्हाई. आत्याला दाखवायचंय."

त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "दाखवा."

आत्यानं ते चित्रीकरण दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा फक्त कडी पाहिली. मग म्हणाली, "येते."

महिन्याभरानं आम्ही निघालो. मी, बायको आणि मागच्या सीटवर इस्त्रीची निळी साडी नेसलेली आत्या. घरून निघताना तिनं बशीभर नव्हे, कपभर चहा घेतला, वर तांब्याभर पाणी प्याली. प्रवासाच्या दिवशी तिला पाणी पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या शब्दावर प्याली होती. गाडीत बसता बसता तिनं बजावलं, "आज माझी फजिती झाली तर पुन्हा कुठं चल म्हणू नको. मग एकदाच निघीन, तवा चौघं धरून नेतील."

बायको हळूच माझ्या कानात म्हणाली, "ऐकलं ना? आता तुमचं काही खरं नाही."

कमानीपाशी आत्यानं वाघाला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं. "ह्याला कावीळ झाली का रे?" म्हणाली. आत पायवाटेच्या दोन्ही अंगाला झाडं आणि झाडांना नावाच्या पाट्या. पळसापाशी ती थांबली. एकही पान नाही आणि फांदी फांदी केशरी. खाली फुलांचा सडा. "आमच्या बांधावर हाय की हा," ती म्हणाली, "त्याला कोणी पाटी लावली न्हाई." पण हात लावून उभी राहिली, बराच वेळ. पुढं मनोऱ्याची वाट लागली आणि तिथं तिनं बायकोच्या पदराला हलका हिसका दिला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मिरवत पुढं झालो.

महिलांच्या बाजूला कुलूप होतं.

रखवालदार धावत आला. "तिकडं न्हाई जमायचं. आत बाळंतीण हाय."

"अगं बाई," आत्या म्हणाली, "कोणाची?"

"पिंगळीण हाय, आत्याबाई, घुबडातली. वरच्या फुटक्या तावदानातून आत शिरली, टाकीच्या मागं अंडी घातली. पिल्लं निघाल्यात आता. दार उघडलं की उरी फुटंस्तोवर फडफडायलीय. म्हणून मीच कुलूप घातलं."

कान दिला तर खरंच आतून चिर्र चिर्र आवाज येत होता. माझ्या डोळ्यांसमोर तांब्याभर पाणी आलं. मी म्हणालो, "पाच मिनिटं उघडा हो. आमची आत्या तिच्याकडं वर बघायचीसुद्धा न्हाई."

"खबरदार," आत्या म्हणाली. रखवालदाराला नाही, मला. "बाळंतिणीला उठवायचं न्हाई."

तत्त्वाचा प्रश्न संपला, अडचणीचा तसाच राहिला. आत्या थोडी या पायावरून त्या पायावर झाली. मग तिनं भिंतीच्या पलीकडं बोट केलं. "ते काय हाय?"

"ते पुरुषांचं."

"आतून कडी हाय?"

"हाय," रखवालदार म्हणाला.

"मग झालं. सूनबाई, तू आत बघून ये. आन तू," ती माझ्याकडं वळली, "दारात उभा राहा. कोणी आलं तर थोपवून धर."

"काय सांगून थोपवू?"

"तुला कवापासून शिकवावं लागायलंय? तोंड हाय ना."

बायकोनं आत डोकावून मान हलवली, या खेपेला स्पष्ट उभी. आत्या आत गेली, कडी वाजली. आणि त्याच क्षणी सेलूकडची एक भरलेली जीप कमानीत शिरली. पाच-सहा पुरुष उतरले, पांढरे शर्ट, गॉगल. त्यांच्यातला सगळ्यात भरदार गृहस्थ सरळ माझ्याच दिशेनं निघाला. त्याच्या चालीवरून कळत होतं की हा माणूस झाडं बघायला आलेला नाही.

मी दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिलो. "या, या. जंगलात स्वागत आहे. हा समोर पळस. याची पानं तीन-तीन असतात. याच पानांच्या पत्रावळीवर आपण सगळे—"

"ते नंतर ऐकतो," तो म्हणाला आणि मला वळसा घालू लागला.

माझ्याकडं वेळ नव्हता. "आत जाऊ नका," मी आवाज खाली आणला. "घोरपड आहे."

माझा अंदाज असा की माणूस मागं सरतो. त्यानं मागं वळून हाक मारली, "अरे या रे सगळे, आत घोरपड निघाली."

पापणी लवायच्या आत उतरलेले सगळे पुरुष माझ्याभोवती. मोबाइल बाहेर आले. एकजण म्हणाला, "मी शेपटीनं धरतो, मला येतं." दुसरा म्हणाला, "तू आधी घरच्या पालीला धर." मोठी आहे का, असं कोणीतरी विचारलं आणि मी हात लांब केले. एकदा हात लांब केले की ते माझ्या ताब्यात राहत नाहीत. घोरपड बघता बघता मगरीएवढी झाली. सगळ्यात कहर म्हणजे रखवालदार. तो दुखावल्या सुरात म्हणाला, "साहेब, कवा आली? मला का न्हाई सांगितलं?"

"चिडलेली आहे," मी दाराला पाठ लावून म्हणालो. "फार चिडलेली आहे."

आत अगदी शांत होतं. बायको थोड्या अंतरावर अशी उभी होती, जणू आमची ओळखच नाही.

मग पाठीमागं कडी निघाली. मी बाजूला झालो. सगळे मोबाइल दारावर. आणि आत्या बाहेर आली, पदर नीट केलेला, चेहऱ्यावर पोळ्यातल्या बैलाची शान. समोर एवढे पुरुष मोबाइल रोखून उभे. तिची ती आयुष्यभर टाळलेली फजिती हीच असावी, असं मला वाटलं.

"मावशी, घोरपड कुठाय?" भरदार गृहस्थानं विचारलं.

आत्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. माझं तोंड ती मी रांगत होतो तेव्हापासून ओळखते.

"मोरीत घुसली," ती म्हणाली. "मी हाकलली. शेपूट अजून बाहेरच हाय. जा की आत, बघा."

कोणी हललं नाही. शेपटीनं धरणाऱ्याला एकदम फोन आला. भरदार गृहस्थ म्हणाला, "तशी मला काही घाई नाही," आणि कमानीच्या दिशेनं बराच झपझप चालत निघाला.

तेव्हा आत्याला जीप दिसली. जीपमध्ये त्यांच्या बायका बसल्या होत्या, उतरलेल्याच नव्हत्या. त्यातली एक कुलपाकडं पाहत होती. ती नजर आत्याला ओळखीची होती.

"उतरा गं, या इकडं. कडी चांगली हाय."

"पण मावशी, घोरपड?"

"ती ह्या माझ्या भाच्याच्या तोंडात राहती. जंगलात न्हाई."

त्या बायका जे हसल्या, ते पिंगळिणीची माफी मागून सांगतो, अख्ख्या टेकडीला ऐकू गेलं असेल. रांग लागली. आत्या दाराशेजारच्या बाकावर ठाण मांडून बसली आणि तिनं मला हुकूम सोडला, "पुरुषांना वर ने. मी सांगेस्तोवर उतरवू नको."

त्या दिवशी मनोऱ्यावर मी जे बोललो, तसं नंतर कधी बोललो नाही. सलईच्या खोडाचा रंग, टेकडीचा काळा दगड, दूर चमकणारं येलदरीचं पाणी, सगळं सांगून झालं. सांगण्यासारखं उरलं नाही तेव्हा खालच्या पाणवठ्यावर तीन रोही आले आणि त्यांनी माझी अब्रू राखली. कमानीबाहेरून परतलेला भरदार गृहस्थ आता अगदी निवांत होता. "काका, तुम्ही इथं नोकरीला आहात का?" त्यानं आदरानं विचारलं.

खाली आलो तर बाकावर बायकांची पंगत. कोणी धपाटे काढलेले, कोणी दह्याची चटणी, आणि मधोमध आत्या त्यांच्याच बाटलीतलं पाणी घटाघट पीत होती. मग ती उठली आणि मनोरा चढली. टप्प्याटप्प्याला थांबत, कठडा धरत, पण शेवटपर्यंत. वर वारा होता. खाली केशरी डोंगर. रोही अजून पाण्यावरच होते.

"प्या रे, प्या," आत्या त्यांना म्हणाली.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला कलिंगडांचा ढीग दिसला. आत्यानं गाडी थांबवायला लावली. एक अख्खं कापून घेतलं आणि फोडीमागून फोड खाऊ लागली, हनुवटीवरून रस गळेपर्यंत.

बायको म्हणाली, "आत्याबाई, घर अजून लांब आहे."

"असू दे की." आत्यानं बी थुंकून दिली आणि पुढची फोड उचलली. "रस्त्यानं पेट्रोल पंप लागतेत. आन भाचा संग हाय. तिथं काय, अजगर निघंल."