पेकनच्या झाडाखाली

मंडळी, आज सकाळी टेक्सासमधल्या अर्विंग गावातलं आमचं घर विकलं. सह्या झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, नथिंग लेफ्ट बिहाइंड, राइट?" मी मान डोलावली.

तेव्हापासून सिना डोळ्यांसमोरून हलत नाही.

ऐंशीच्या दशकात मी दोन वर्षं पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ बेटांवर डॉक्टर होतो. समुद्रातून सरळ वर आलेले हिरवे डोंगर. झेंडा अमेरिकेचा, पण तिथल्या लोकांना राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही. जमीन मात्र सगळ्या कुटुंबाची, बाहेरच्याला विकता येत नाही.

सिना माझी घरमालकीण. तिच्या आईवडिलांच्या कबरी अंगणातच होत्या. ती त्या रोज झाडायची.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"कसली? जमीन विकली असती तर भीती होती. मग यांना भेटायला परक्याची परवानगी लागली असती."

मी हसलो होतो.

माझ्या बायकोची थोडी रक्षा आज विकलेल्या घरामागच्या पेकनखाली, त्या अक्रोडासारख्या झाडाखाली, पुरलेली आहे. तिचीच इच्छा होती. मुलीला मी कधी सांगितलं नाही.

दुपारी पुन्हा तिकडे ड्राइव्ह करून गेलो. दारात नव्या मालकाची गाडी होती. मी तासभर रस्त्यावर गाडीतच बसून राहिलो.

तुम्ही बेल वाजवली असती का? आणि दार उघडल्यावर काय सांगितलं असतं?