छगननं ओढलेली वाट

भिंगारच्या यशया पाटोळेचा खेळ पाहिलेला माणूस घरी जाऊन आधी छगनबद्दल बोले, यशयाचं नाव मागून निघे. याला कारण होतं. नगरच्या कँपातल्या त्या गोल्फच्या मैदानावर गवत नावाला नव्हतं. होलभोवती इतर गावी मखमलीसारखी हिरवळ राखतात म्हणे. इथे वाळू होती. रणगाड्यांच्या वर्कशॉपातून जळकं तेल आणायचं, वाळूत कालवायचं आणि वर रोलर फिरवून काळपट, घट्ट असा गोल ओटा करायचा. त्याला म्हणायचं ब्राऊन. चार साहेबांची बुटं त्यावरून गेली की ब्राऊनचा बैलबाजार होई. म्हणून इथला रिवाजच असा, की शेवटचा हलका फटका मारण्याआधी चेंडू आणि होल यांच्यामधली वाट साफ करून घ्यायची. त्यासाठी प्रत्येक ब्राऊनशेजारी खळ्यावरच्यासारखी लाकडी फावडी ठेवलेली असे, फळीला काथ्याचं पायपुसणं बांधलेली. कॅडीनं, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या गड्यानं, ती होलपासून चेंडूपर्यंत ओढत आणायची.

ओढत सगळेच. छगन ओढी ते मात्र लेकीचा भांग पाडावा तसं. मध्ये उचलायचं नाही, थांबायचं नाही. मग यशयाचा चेंडू त्या रेघेवरून असा जाई, जशी संध्याकाळी शेळी घराकडे निघावी. यशया मान वर करून कधी बघतसुद्धा नसे. चेंडूवर वाकूनच म्हणे, "वढ रे."

छगन ओढी. मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघांचं हे असं चाललेलं. दोघं एकाच गल्लीतले, एकाच वर्षी शाळेतून पळालेले. फरक एवढाच, की साहेबाच्या मोडक्या काठीनं चेंडू मारायची खाज यशयाला लागली आणि छगनला ती लागली नाही. "मला काय," छगन म्हणे, "मला चेंडू जाताना बघायला आवडतो. मारायची कटकट कुनी सांगितली?"

गोल्फ म्हणजे काय हे भिंगारला समजावण्यात यशयाची अर्धी हयात गेली होती. त्याच्या सासूबाई कडूबाई यांना त्यानं एकदा सगळं नीट सांगितलं. चेंडू मारायचा, त्याच्यामागं चालत जायचं, परत मारायचा.

"आन मग?"

"मग होलात घालायचा, मामी."

"आवो मंग हातात घिऊनच चालत जावा की," कडूबाई म्हणाल्या. "मारता कशाला लांब?"

यशयानं काठी उचलली आणि मैदानाची वाट धरली. हा सवाल नगरच्या कुठल्याच साहेबाला आजवर पडला नव्हता.

तर असा हा यशया चाळिशी ओलांडून, गुडघा कुरकुरायला लागल्यावर, धंदेवाईक खेळाडू झाला. केलं कँपातल्या कर्नलसाहेबांनी. त्यांना यशयानं इतक्या वेळा हरवलं होतं, की त्याला मोठं केल्याशिवाय त्यांची अब्रू राहत नव्हती. त्या काळी देशातल्या धंदेवाईक गोल्फवाल्यांच्या जणू दोन पंगती होत्या. पहिली पंगत कलकत्ता-दिल्लीच्या मोठ्या क्लबांत बसे आणि तिच्या बातम्या इंग्रजी पेपरात येत. दुसरी दिवाळी ते होळी छावण्यांच्या गावोगाव फिरे आणि तिची बातमी खेळणाऱ्याच्या बायकोलासुद्धा उशिरा कळे. पण हंगामाच्या शेवटी दुसऱ्या पंगतीतल्या पहिल्या तिघांना पहिल्या पंगतीत पाट मिळायचा. त्यांनी कलकत्त्याला जायचं आणि ज्यांची नावं आजवर फक्त साहेबांच्या तोंडून ऐकली, त्यांच्याबरोबर खेळायचं.

यशयाला एवढंच हवं होतं. एकदा. साहेबांची होळीनंतर बदली व्हायची होती आणि गुडघ्याचीही लक्षणं बदलीचीच होती. म्हणजे मिळाला तर हाच हंगाम.

ते बहात्तर साल होतं. पाऊस झालाच नव्हता. विहिरी आटल्या होत्या, पाथर्डीकडची माणसं खडी फोडायला लागली होती, आणि आपला यशया पिशवीत काठ्या घालून चेंडू मारायला निघालेला. रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी आधी पावसासाठी प्रार्थना केली, मग शेवटी थोडी जागा करून, "आमच्या यशयाभाऊंच्या चेंडूला वाट दाखव" असंही मागितलं. छगन हिंदू, पण त्या दिवशी तोही मागच्या बाकावर बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "वाट दाखवायचं काम माझं हाय. तुमचे पाळक माझ्या पोटावर पाय देत्यात बघ."

पहिली टूर्नामेंट महूच्या छावणीत होती. तिथे पहिल्याच दिवशी हिरवळ पाहून दोघं चपला काढायच्या बेतात आले. छगननं सवयीनं फावडी शोधली. नव्हती. म्हणून त्यानं खांद्यावरचा पंचा काढला आणि वाट झाडायला वाकला, तोच खेळावर नजर ठेवणाऱ्या पंचानं शिट्टी वाजवावी तशी आरोळी ठोकली. मग दोघांना समोर उभं करून सांगण्यात आलं: हिरवळीवर होलच्या वाटेला हात, पाय, कापड काही लावायचं नाही. कॅडीनं लावलं तरी खेळणाऱ्याला दोन फटके दंड. त्या दिवसापासून छगन हिरवळीवर दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राही, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

आणि गवत! वाळूवर सरळ मारलेलं सरळ जातं. गवताचा मात्र कल असतो, लव असते, सकाळी एक म्हणतं, दुपारी दुसरं. महूला यशया खालून पाचवा आला. कामठीला त्याहून वाईट. कॅडींच्या पत्र्याच्या शेडमध्ये यशयाच्या बायकोनं, दयानं, बांधून दिलेल्या कडक भाकरी लसणाच्या चटणीशी खाताना छगन म्हणाला, "माझं हितं काम काय सांग. वऱ्हाडातल्या रिकाम्या मान्सासारखं वाटतंय. मी जातो माघारी, तेवढंच भाडं वाचंल."

"जाशील तर तंगडं मोडीन."

"मी करतो काय पन?"

"हुबा ऱ्हातोस ना? तेवढं कर. तुझ्याकडं बघितलं की भिंगारला असल्यावानी वाटतं मला."

छगननं चटणीत बोट बुडवलं आणि चाटलं. "लई तिखट केलीय वैनीनं," म्हणाला, आणि डोळे पुसले.

तो थांबला. हळूहळू यशयाला गवत कळायला लागलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर दोघं हिरवळीच्या कडेला बसत आणि चेंडू कुठे वळतो ते बघत. छगन हात पाठीमागे धरूनच बघे. पुढल्या गावी यशया मधोमध आला. देवळालीला चक्क दुसरा. आणि मग हिशेब असा येऊन ठेपला, की शेवटच्या टूर्नामेंटमध्ये लखनौच्या एका तरण्या खेळाडूच्या पुढे राहिलं की तिसरा पाट यशयाचा.

ती शेवटची टूर्नामेंट पुण्याकडच्या एका छावणीत होती. कर्नलसाहेब मुद्दाम जीप घेऊन आले होते. मैदान पाहिलं आणि यशया हसायलाच लागला. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, तिथे गवताला कोण घालणार? हिरवळ जळून गेली होती. होलभोवती उरली होती घट्ट, तपकिरी, भेगाळलेली माती, तिच्यावर वाऱ्यानं आणलेली बारीक धूळ आणि धुळीत बुटांचे ठसे.

"छगन्या, आरं हे तर आपलं भिंगार!"

"व्हय की," छगन म्हणाला. "फकस्त तेलाचा वास न्हाई."

लखनौवाल्यानं असल्या जमिनीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. यशया मात्र घरी खेळावा तसा खेळला. सगळ्या हंगामात जो दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखा अंग चोरून वावरला, तो त्या दिवशी पाय पसरून बसला म्हणा ना. शेवटच्या होलला आला तेव्हा लखनौवाला खेळ संपवून कडेला सोड्याची बाटली धरून बसला होता, चेहरा उतरलेला. यशयाचा चेंडू होलपासून चार पावलांवर. इथून त्यानं तो दोन फटक्यांत घातला तरी कलकत्ता. दोन फटक्यांत कडूबाईंनीही घातला असता.

यशया चेंडूवर वाकला. समोर माती, धूळ, धुळीत ठसे. उन्हानं पाठ तापलेली. शेजारी छगनची सावली. सगळं जिथल्या तिथं होतं. आणि मान वर न करता तो म्हणाला,

"वढ रे."

छगननं ओढलं. फावडी नव्हती म्हणून पंचा दुहेरी केला, होलपाशी टेकवला आणि मागे मागे येत चेंडूपर्यंत आणला. मध्ये उचलला नाही, थांबला नाही. सरळ, सुरेख रेघ उमटली. ती पाहून यशयाला इतकं बरं वाटलं, की पंच पुढे येऊन काय बोलतो आहे हे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

दोन फटके दंड. गवत जळलं तरी नियमानं ती हिरवळच. आता एकाच फटक्यात चेंडू गेला तर बरोबरी. त्यानं मारला. चेंडू छगनच्या रेघेवरून निघाला, होलच्या ओठापर्यंत गेला आणि थांबला. हंगामाच्या यादीत यशया चौथा आला. लखनौवाल्यानं सोड्याची बाटली खाली ठेवली.

कर्नलसाहेब लाल होऊन आत आले. "किसने किया ये? यशया, तूने बोला था इसको?"

या प्रश्नानं काही बदलणार नव्हतं. दंड कमी होणार नव्हता आणि वाढणारही नव्हता. 'हां साब' एवढं म्हणायचं होतं. यशयानं तोंड उघडलं. साहेबांच्या डोळ्यांत त्याच्यासाठी एवढी माया आणि एवढी हळहळ दाटली होती, की ती आपण आपल्या हातानं पुसायची हे त्याला त्या क्षणी जमलं नाही. तो चेंडूकडे बघत राहिला. छगननं त्याच्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं.

"मीच केलं साहेब," छगन म्हणाला. "सवय."

"बेवकूफ! आदमी की जिंदगी खराब कर दी. कल से मैदान पे दिखना मत."

परतीच्या एस.टी.त दोघं शेजारी बसले. शिरूरला गाडी थांबली तेव्हा छगननं चहा आणला, दोन कप. यशयानं प्याला. बोलायला नगरपर्यंत वाट होती. आधी त्यानं ठरवलं घोडनदीचा पूल गेला की बोलू, मग सुपे गेलं की, मग चास. मग भिंगार आलं.

भिंगारला बातमी आधीच पोचली होती. "काय छगनराव, झाडलोट करून आला म्हनं?" पारावरच्या लोकांना दुष्काळात तेवढीच करमणूक. छगन हसून "व्हय, लई धूळ हुती" म्हणे. पण हे काही दिवसच. त्याला मैदान बंद झालं होतं आणि घरात खाणारी तोंडं होती. एके दिवशी तो बायको आक्काबाईला घेऊन पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला.

दया नवऱ्याला काही विचारत नसे. एकदा भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "छगनभाऊजी तुमी न सांगता कधी वढायचे न्हाईत." यशयानं ताट सरकवलं.

तो उठला तो थेट साहेबांच्या बंगल्यावर. ट्रकमध्ये सामान चढत होतं. सोफ्याच्या आणि कुत्र्याच्या मधे उभं राहून यशयानं एका दमात सांगून टाकलं. "साब, मैंने बोला था. छगन का कसूर नहीं."

 साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी यशयाचा खांदा दाबला.

"तू बड़े दिलवाला है, यशया. नौकर का दोष अपने सिर लेता है!"

"नहीं साब, सच में—"

"बस, बस. मैं समझता हूँ." आणि ट्रकवाल्याला ओरडले, की आरसा नीट बांध.

दुसऱ्या दिवशी यशया पाथर्डीच्या रस्त्याला गेला. उन्हात माणसांची लांबच लांब रांग, हातोड्यांचा किटकिटाट. छगन फोडलेल्या खडीचा ढीग सपाट करत होता. हातात फावडी होती. खडीत काय सरळ रेघ उमटणार, पण तो आपला मागे मागे येत ओढत होता.

"सलाम," यशया म्हणाला.

"ये. बस की. पानी पितो?"

"छगन्या, मी म्हनलो हुतो. 'वढ रे' म्हनून. मीच."

"आता हे काय मला सांगतोस? माझ्या कानानं ऐकलं की."

"मग तवाच का न्हाई बोललास?"

छगननं फावडीवर हनुवटी टेकवली. "तू बोलशील म्हनून थांबलो हुतो जरा," तो म्हणाला. "साहेबापुढं न्हाई तर न्हाई. गाडीत तरी."

यशया रडायला लागला. रांगेतली माणसं बघायला लागली. छगननं खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या हातात दिला. तोच पंचा होता.

"रागावलो न्हाई रं मी. पन आता जा. मुकादम बघतोय, आज आक्काबाईला ताप हाय, तिचंबी काम मलाच वढायचंय."

पावसानंतर मैदान सुरू झालं, नवे साहेब आले. यशयानं छगनसाठी शब्द टाकला, साहेबांनी मान्यही केलं. तसा निरोप सांगायला तो स्वतः गेला. छगन म्हणाला, "बघू." त्यानंतर भिंगारात भेटला की हसे, पोरांची चौकशी करी, तंबाखू मागे. मैदानावर आला नाही.

यशया खेळत राहिला. कधी एखादा नवा कॅडी फावडी घेऊन पुढे आला की त्याला तो हातानं थांबवी. मग तशाच ब्राऊनवर, बुटांच्या ठशांतून, तो चेंडू मारी. चेंडू टाचांच्या खड्ड्यांत अडखळे, उडे, भलतीकडे जाई. नवे साहेब आपापसांत म्हणत, म्हातारा चांगला खेळतो, फक्त होलपाशी येऊन त्याला काय होतं कोण जाणे.