साधनाचा बंद पडणारा कॉम्प्युटर

वणीत भरदुपारी खिडकी उघडी ठेवणारा माणूस एक तर नवा राहायला आलेला असतो, नाहीतर त्याला धूळ पुसायला कोणीतरी हाताशी असतं. साधनाच्या घराच्या खिडक्या बारा महिने बंद. समोरच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जात, आणि सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोट फिरवलं की काळं. अशा त्या बंद घराच्या पुढच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता आणि गेला दीड महिना तो चालता चालता गपकन बंद पडत होता.

ना काही सूचना, ना पडद्यावर काही अक्षरं. टाइप करता करता समोर नुसता अंधार. मग बटण दाबलं की हा शहाणा काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

आता कॉम्प्युटर कोणाच्या घरी बंद पडत नाही? पण साधनाचं सगळंच त्या डब्यावर टांगलेलं होतं. सहा वर्षं ती शाळेत शिकवायची. दोन वर्षांपूर्वी सासरे, सदाशिवराव, ज्यांना ती मामाजी म्हणायची, न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ते अंथरुणालाच लागले. छाती तर खाणीत आधीच गेलेली. नवरा प्रफुल्ल चंद्रपूरच्या बाजूला ट्रकवर, आठ दिवसांनी घरी येणारा. नोकरी सोड असं तिला कोणीच म्हणालं नाही. असं कोणी म्हणत नसतंच. "बाबाजवळ कोण राहीन?" एवढंच प्रफुल्लने विचारलं आणि सगळे तिच्याकडे बघत बसले.

मग हे घरबसल्याचं काम मिळालं. नागपूरच्या एका कंपनीसाठी हेडफोन लावून लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. साधनाचा कान असा तयार होता की, जिथे बाकीच्यांनी 'ऐकू येत नाही' लिहून सोडून दिलं, तिथे ती खेड्यातल्या म्हाताऱ्याचं पुटपुटणंसुद्धा अख्खं लिहून द्यायची. दिवसाचे ते चार तास ती कोणाची सून नव्हती, कोणाची बायको नव्हती. पण कंपनीचा नियम कडक होता. दहा ते दोन बसायचं, मधे बारा वाजता पाच मिनिटं सुट्टी. त्याखेरीज हात थांबला की खाडा. मशीन बंद पडलं, तरी खाडाच. तिचे खाडे इतके साचले की, वैष्णवी मॅडमनी शेवटी फोनवर सांगून टाकलं, "हा आठवडा बघते. मशीन नीट झालं तर कायम करते, नाही तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

बाबुलालभाऊ तीनदा येऊन गेले होते. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता कॉम्प्युटर असा त्यांचा तीस वर्षांचा प्रवास. त्यांनी आतली रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली. पंखा उघडून धूळ झाडली. "वयनी, याच्यातल्या कोळशावर एका वक्ताचा चहा होते," म्हणाले. पॉवर सप्लाय बदलला, विंडोज नव्याने टाकलं. मग डबा दुकानात नेऊन ठेवला तर तो तिथे तीन दिवस दिवसभर चालला, एकदाही न कुरकुरता. घरी आणला आणि पहिल्याच दिवशी दोनदा बंद.

"तुमच्या घराशीच त्याचं काही वाकडं हाय," बाबुलालभाऊ हात टेकून म्हणाले. "एक करा. केव्हा बंद पडते, तवा काय काय चालू होतं, समदं वहीत लिहून ठेवा."

साधनाने लिहिलं. तिला लिहायला सांगितलं की ती मन लावून लिहिते. दर वेळी बंद पडलं की ती आधी सासऱ्यांच्या खोलीत जायची, कारण इन्व्हर्टर तिथे होता आणि कॉम्प्युटरची वायर त्यांच्या पलंगाशेजारच्या बोर्डावरून घेतलेली होती. इन्व्हर्टर बघायचा, आलोच आहोत तर म्हाताऱ्याचंही काय हवं-नको बघायचं आणि परत यायचं. हे सगळं वहीत उतरलं. पाच दिवसांनी तिने वही वाचली. दहा चाळीस, बंद. मामाजींना पाणी दिलं. अकरा पंचवीस, बंद. मामाजींची कूस बदलली. एक दहा, बंद, चादर बदलली. असं पाच दिवसांचं पानभर, आणि प्रत्येक ओळीत मामाजी.

दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन कानाला लावले, पण आवाज बंद ठेवला. साडेदहाच्या सुमाराला आतून स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला, अगदी बारीक. मग एक हाक आली, तीही अर्धी खोकल्यात गेलेली. ती मुद्दाम उठली नाही. मग खट् झालं, पडदा काळा, पुन्हा खट्. ती दारात जाऊन उभी राहिली तेव्हा सदाशिवरावांचं बोट अजून बोर्डाच्या बटणावरच होतं.

"मामाजी! हे काय करून राह्यले तुमी?"

म्हातारा बावरला. पण खोटं बोलला नाही.

"वाटी वाजवली होती. तुले नाही ऐकू आली," तो धापा टाकत म्हणाला. "खाणीत कोळसा वाहाच्या पट्ट्याच्या बाजूनं एक दोरी राह्यते, बाई. तिथं हाका मारून कोणाले ऐकू नाही येत. अडचण आली का दोरी ओढाची. पट्टा थांबते, मंग माणूस पाहाले येते. बत्तीस वर्षं तेच केलं न मी."

साधनाला हसू आलं, रडू आलं आणि संतापही आला. तिन्ही एकदमच आले. दीड महिना, तीन दुरुस्त्या, आणि दोष काय तर म्हाताऱ्याला तहान लागते. तिच्या मनात आलं, घंटी बसवू, मोठी घंटी. पण घंटी बसवली तरी उठायचं तिलाच होतं, आणि उठलं की खाडा. वायर दुसरीकडून घेतली तर खाडा वाचेल, पण मग त्याच्यापाशी काय उरेल? ती कुठूनही फिरून त्याच खोलीत येत होती.

तिने त्याच्या पायाशी बसून सगळं समजावून सांगितलं. "आज न् उद्या, मॅडमच्या आठवड्याचे दोनच दिवस उरले, मामाजी. बाराले मी येतोच. तवरीक बोर्डाले हात नका लावू."

"आधी काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला. "नाही लावत हात."

दुसऱ्या दिवशी मुलाखत अवघड होती. रेकॉर्डिंगमध्ये मागे मळणीचा थ्रेशर चालू, तीन बायका एकदम बोलणाऱ्या. साधना त्यात बुडालीच. कॉम्प्युटर झऱ्यासारखा चालत होता, बोटं चालत होती. बारा कधी वाजले ते तिला कळलं नाही. शेवटचं वाक्य टाइप करून तिने घड्याळ पाहिलं तर दोन वाजून दहा मिनिटं. एकही खाडा नाही! ती खुर्चीतच आनंदाने हसली. मग तिला आठवलं आणि ती आत धावली.

पाण्याची बाटली लवंडून पलंगाखाली गेली होती. चादर ओली होती, आणि ती ओल आत्ताची नव्हती, कडा वाळत आल्या होत्या. सदाशिवरावांचे ओठ पांढरे पडले होते. बोर्ड हातभर अंतरावर होता आणि म्हाताऱ्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून छातीवर घट्ट धरून ठेवली होती.

ती चमच्याने पाणी पाजत होती तेवढ्यात फोन वाजला. "साधनाताई, आज मस्त!" वैष्णवी मॅडम खुशीत होत्या. "मशीन झालं ना एकदाचं नीट? करू ना कायम?"

साधनाने चमचा वाटीत ठेवला. ती म्हणाली, "नाही मॅडम. नाही होत ते दुरुस्त. रोज बंद पडेल."

म्हाताऱ्याने मान उचलायचा प्रयत्न केला.

"अवो, खोटं काहून सांगते?" तो कसाबसा म्हणाला. "आज नाही बंद पडलं न. सांग न तिले, मी हातच नाही लावला."